‘अर्धधातू’ ह्या संज्ञेचा इतिहास आणि बिस्मथची साक्ष

‘धातू’ हा शब्द उच्चारला की भाषेच्या अभ्यासकाच्या मनात प्रथम क्रियापदाचे मूळ उभे राहते, आणि पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाच्या मनात तांबे किंवा लोखंड. दोन्ही अर्थ ‘धा’ म्हणजे धारण करणे ह्या एकाच मुळापासून आले आहेत. ह्यांपैकी दुसऱ्या धातूच्या मागे ‘अर्ध’ हे पद जोडून जी संज्ञा बनते, तिचा इतिहास प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे. युरोपीय विज्ञानात ह्या संज्ञेने सुमारे तीन शतकांत तीन वेगवेगळे अर्थ धारण केले. पहिला अर्थ खाणकामगार व रसायनज्ञ यांचा, दुसरा विसाव्या शतकातील पुंजयामिकीचा, आणि तिसरा गेल्या काही वर्षांत पुढे आलेल्या संस्थितीय अर्धधातूंचा. टोपॉलॉजी ह्या गणितशाखेस येथे संस्थितिशास्त्र म्हटले आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो. अर्थ असा पालटत गेला तरी प्रत्येक पालटाच्या मुळाशी बहुधा एकच पदार्थ आढळतो, तो म्हणजे बिस्मथ. त्याचे वर्तन रूढ व्याख्येत बसेना, म्हणून व्याख्या बदलावी लागली. ह्या क्रमातील एक अध्याय मुंबईत घडला आहे, त्यामुळे हा विषय आपणांस परका नाही.

पदार्थांची प्रतवारी लावण्याची हौस आपल्याकडेही जुनी आहे. ‘रसरत्नसमुच्चया’त धातूंना ‘लोह’ हे सामान्यनाम असून त्यांचे शुद्धलोह, पूतिलोह आणि मिश्रलोह असे वर्ग केले आहेत. शिसे व कथील ह्यांस पूतिलोह, म्हणजे दुर्गंधी सोडणारे लोह, म्हटले आहे. सोन्यारुप्याच्या पंक्तीस त्यांना बसविण्यास ग्रंथकार राजी नव्हता, असाच ह्याचा अर्थ. ‘भावप्रकाशा’त सात धातूंच्या जोडीला सात उपधातू सांगितले आहेत, आणि त्यांत सुवर्णमाक्षिक व तुत्थ ह्या खनिजांबरोबर कांस्यासारखी मिश्रधातू आणि शिलाजतूही आहे. आयुर्वेदाच्या शारीरविचारात तर स्तन्य, रज इत्यादींना उपधातू म्हणतात. ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण इंग्रजी संज्ञांचे मराठीकरण करताना ‘उपधातू’ हा शब्द हाताशी आयता सापडतो, आणि आयत्या सापडलेल्या शब्दाबरोबर त्याचे जुने सोयरेधायरेही घरात येतात.

युरोपात बिस्मथचा लेखी उल्लेख सोळाव्या शतकात ठळकपणे आढळू लागतो. सॅक्सनीच्या खाणींतील कामगार त्याला ‘विस्मुट’ म्हणत. गेओर्गियस अग्रिकोला ह्याने १५३० सालच्या आपल्या ग्रंथात त्या बोलीतील शब्दास लॅटिन पेहराव चढवून ‘बिसेमुटुम’ केले. मूळ जर्मन शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. ‘पांढरा पदार्थ’ अशी जी फोड सांगण्यात येते, ती लोकव्युत्पत्तीच्या वळणाची दिसते. अग्रिकोलाने शिशाचे तीन प्रकार मानले होते : काळे शिसे म्हणजे खरे शिसे, पांढरे शिसे म्हणजे कथील, आणि राखी शिसे म्हणजे बिस्मथ. ही समजूत पुढे दोनशे वर्षे टिकली. बिस्मथ हा शिशाहून निराळा पदार्थ आहे, हे क्लोद जोफ्र्वा ह्या फ्रेंच रसायनज्ञाने १७५३ मध्ये प्रयोगाने दाखविले.

‘अर्धधातू’ ही संज्ञा ह्याच काळात स्थिर झाली. स्वीडनच्या गेओर्ग ब्रांट ह्याने १७३५ मध्ये अर्धधातूंवर एक प्रबंध लिहून त्यांत पारा, बिस्मथ, जस्त, कोबाल्ट, अँटिमनी व अर्सेनिक अशा सहांची गणना केली. निकष साधा होता. धातू चकाकतो, वजनदार असतो आणि हातोड्याखाली पसरतो. जो चकाकतो व वजनदार आहे, पण ठोकला असता फुटतो, तो अर्धा धातू. पारा तर ठोकताही येत नाही. ही व्याख्या ऐरण आणि हातोडा ह्यांनी ठरविलेली होती. शुद्ध जस्त तापवून त्याचे पत्रे करता येतात असे दिसून आल्यावर ती डळमळली, आणि एकोणिसाव्या शतकात आवर्त सारणी मांडली गेल्यावर तिचे रसायनशास्त्रातील महत्त्व जवळजवळ संपले.

येथे व्याकरणाचा एक मुद्दा नोंदविण्याचा मोह आवरत नाही. पाणिनीच्या परंपरेत ‘अर्ध’ शब्दाचे दोन भेद मानले आहेत. नपुंसकलिंगी ‘अर्ध’ म्हणजे नेमका निम्मा भाग, दोन सारख्या वाट्यांपैकी एक, आणि पुल्लिंगी ‘अर्ध’ म्हणजे कोणताही एक अंश. ब्रांटच्या अर्धधातूतील अर्ध हे उघडच दुसऱ्या प्रकारचे होते. आपण मराठीत ‘अर्धवट’ म्हणतो, त्या जातीचे. त्यात मोजमाप नव्हते, कमीपणा होता. नेमका निम्मा हा अर्थ ह्या संज्ञेस पुढे कसा लाभला, ते यथावकाश येईलच.

संज्ञा मागे पडली, तरी बिस्मथ मात्र प्रयोगशाळेत अधिकाधिक पुढे येत गेला. चुंबक त्याला दूर लोटतो, हे डच अभ्यासक ब्रुगमान्स ह्याने १७७८ मध्ये पाहिले होते. मायकेल फॅरडे ह्याने १८४५ मध्ये ह्या गुणाचा पद्धतशीर अभ्यास करून त्यास नाव दिले, आणि त्याच्या प्रयोगांत बिस्मथला अग्रस्थान मिळाले. तत्पूर्वी १८२१ मध्ये सेबेक ह्याने दोन भिन्न धातूंच्या सांध्यास उष्णता देऊन विद्युत्‌प्रवाह उत्पन्न होत असल्याचा जो शोध लावला, त्यातही बिस्मथ व अँटिमनी होतेच. १८८६ मध्ये एटिंग्सहाउझेन आणि नेर्न्स्ट ह्यांनी ग्राझ येथे बिस्मथच्या पट्टीच्या एका टोकास उष्णता देऊन तिला चुंबकक्षेत्रात ठेवले, तेव्हा पट्टीच्या आडव्या दिशेने विद्युत्‌दाब निर्माण झाल्याचे त्यांना आढळले. चुंबकक्षेत्रात बिस्मथचा विद्युत्‌रोध इतका वाढतो की त्याच्या तारेचे वेटोळे क्षेत्र मोजण्याचे साधन म्हणून वापरीत असत. १९२८ मध्ये केंब्रिज येथे कापित्सा ह्याने अतितीव्र क्षेत्रांत बिस्मथच्या स्फटिकांचा रोध मोजला, आणि तो क्षेत्राच्या सम प्रमाणात वाढतच जातो असे त्यास दिसले. तांब्याच्या बाबतीत असे काही ठळकपणे घडत नाही. अर्धा म्हणून हिणविलेल्या धातूत पूर्ण धातूंहून अधिक काही होते, हे एव्हाना स्पष्ट झाले होते. ते काय होते, हे मात्र कोणासही सांगता येत नव्हते.

त्याचा उलगडा होण्यास १९३० हे वर्ष कारणी लागले. हॉलंडमधील लायडेन येथील प्रयोगशाळेत त्या वर्षी दोन शोध लागले आणि दोन्ही बिस्मथच्याच स्फटिकावर. लेव्ह शुब्निकोव्ह आणि डी हास ह्यांनी द्रवरूप हायड्रोजनच्या तापमानास बिस्मथचा रोध मोजला, तेव्हा क्षेत्र वाढवीत नेले असता तो सरळ न चढता हेलकावे घेत चढतो असे दिसले. डी हास व फान आल्फेन ह्यांना तसेच हेलकावे त्याच्या चुंबकत्वात आढळले. चुंबकक्षेत्रातील इलेक्ट्रॉनांच्या कक्षांना ठराविकच ऊर्जा धारण करता येतात, ह्याची ती दृश्य खूण होती. त्याच वर्षी लांडाऊ ह्याने सिद्धांताच्या अंगाने अशा हेलकाव्यांची शक्यता वर्तविली होती, पण ते प्रत्यक्षात दिसणार नाहीत असे त्याचे मत होते. हे यश मिळण्यास कारण स्फटिकाची शुद्धता. शुब्निकोव्ह हा स्फटिक वाढविण्याच्या विद्येत निष्णात होता. मायदेशी परतल्यावर १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीत त्यास गोळी घालण्यात आली. त्याच्या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम आज जगातील प्रत्येक नीच तापमान प्रयोगशाळेत नित्याचे साधन म्हणून वापरला जातो.

ए. एच. विल्सन ह्याने १९३१ मध्ये घन पदार्थांतील ऊर्जापट्टांची उपपत्ती मांडली, आणि हॅरी जोन्स ह्याने १९३४ मध्ये ती बिस्मथला लावली. तिचा सारांश असा. स्फटिकातील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा पट्ट्यापट्ट्यांत विभागलेल्या असतात. एखादा पट्ट अर्धामुर्धा भरलेला असला की पदार्थ धातू होतो. पट्ट पूर्ण भरलेला असून वरचा रिकामा पट्ट दूर असेल तर विद्युत्‌निरोधक, आणि जवळ असेल तर अर्धसंवाहक. बिस्मथमध्ये खालचा भरलेला पट्ट आणि वरचा रिकामा पट्ट एकमेकांवर किंचित चढलेले असतात. त्यामुळे खालच्या पट्टातील थोडे इलेक्ट्रॉन वर सांडतात, आणि जितके वर सांडतात तितक्याच रिकाम्या जागा खाली राहतात. ह्या रिकाम्या जागांना ‘विवर’ म्हणतात, आणि त्याही धनभाराप्रमाणे प्रवाह वाहून नेतात. शुद्ध बिस्मथमध्ये इलेक्ट्रॉन आणि विवरे ह्यांची संख्या अशा रीतीने तंतोतंत सारखी असते. म्हणजे वाहकांचा निम्मा वाटा ऋणभाराचा व निम्मा धनभाराचा. पूर्वी सांगितलेला नपुंसकलिंगी ‘अर्ध’ येथे अचानक सार्थ ठरतो ! भौतिकीतज्ञांनी जुनी टाकलेली संज्ञा उचलून ह्या नव्या अर्थाने वापरली, त्या वेळी हा व्याकरणाचा योगायोग अर्थातच त्यांच्या गावी नव्हता.

ह्या वाहकांची संख्याही पाहण्यासारखी आहे. तांब्यात दर अणूमागे सुमारे एक मुक्त इलेक्ट्रॉन असतो. बिस्मथमध्ये दर घन सेंटिमीटरला सुमारे ३ × १०^१७ वाहक, म्हणजे साधारण एक लाख अणूंमागे एक.

अशा अर्धधातूंच्या अभ्यासात भारतीयांचा वाटा पूर्वीपासून आहे. ग्रॅफाइट हा ह्याच जातीचा पदार्थ. एन. गांगुली व के. एस. कृष्णन ह्यांनी १९४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वृत्तांतात ग्रॅफाइटमधील मुक्त इलेक्ट्रॉनांच्या चुंबकीय गुणांवर निबंध प्रसिद्ध केला. थराथरांनी रचलेल्या ह्या पदार्थाचे चुंबकीय वर्तन एका दिशेस फार तीव्र व दुसऱ्या दिशेस अगदी मंद असते, ह्याची मीमांसा त्यात होती. ग्रॅफाइटचा एकच थर वेगळा काढून त्यातील इलेक्ट्रॉनांचे नवल जगाने २००४ नंतर पाहिले.

परिभाषेचा गोंधळ येथपासून सुरू होतो, आणि तो केवळ मराठीपुरता नाही. ग्रॅफाइट रसायनशास्त्रात अधातू, तर भौतिकीत अर्धधातू आहे. सिलिकॉन रसायनशास्त्रात धातू व अधातू यांच्या सीमेवरचा, पण भौतिकीत अर्धसंवाहक. बिस्मथ रसायनाच्या पुस्तकात धातू, भौतिकीच्या पुस्तकात अर्धधातू. रसायनशास्त्रातील त्या सीमेवरच्या वर्गाला इंग्रजीत ‘मेटॅलॉइड’ आणि भौतिकीतील वर्गाला ‘सेमिमेटल’ अशी दोन नावे आहेत, पण इंग्रजी लेखकही ती पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतात. आपण मराठीत दोघांसाठी ‘उपधातू’ योजला, तर सिलिकॉन, बिस्मथ आणि सुवर्णमाक्षिक एकाच पंक्तीस येतील. माझ्या मते पहिल्यास ‘धातुसदृश’ म्हणावे, दुसऱ्यास ‘अर्धधातू’ म्हणावे, आणि ‘उपधातू’ हा शब्द रसशास्त्र व आयुर्वेद ह्यांच्याकडेच ठेवावा. पहिली संज्ञा दिसण्याविषयी बोलते, दुसरी वाहकांच्या हिशेबाविषयी.

आता तिसऱ्या अर्थाकडे वळू. त्याची बीजे १९२८ व १९२९ मध्ये पडली. डिरॅक ह्याने सापेक्षता सिद्धांताशी सुसंगत असे इलेक्ट्रॉनाचे समीकरण १९२८ मध्ये दिले, आणि पुढच्याच वर्षी हेर्मान व्हाइल ह्याने वस्तुमान शून्य मानून त्याचे दोन स्वतंत्र भाग पाडले. व्हाइलच्या कणांना उजवा किंवा डावा असा हात असतो. असे कण निसर्गात मोकळे सापडले नाहीत. परंतु स्फटिकात दोन ऊर्जापट्ट एखाद्या बिंदूपाशी स्पर्श करीत असतील, तर त्या बिंदूजवळील इलेक्ट्रॉन ह्याच समीकरणांप्रमाणे वागतात. असे स्पर्शबिंदू संभवतात हे कॉनियर्स हेरिंग ह्याने १९३७ मध्ये दाखविले होते. १९६४ मध्ये पी. ए. वोल्फ ह्याने बिस्मथमधील इलेक्ट्रॉनांचे समीकरण डिरॅकच्या समीकरणाच्या घाटाचे आहे असे सिद्ध केले. बिस्मथचा अणुक्रमांक ८३. इतक्या जड अणूत इलेक्ट्रॉनाची परिवलनगती व कक्षागती ह्यांची सांगड बळकट असते, आणि म्हणून सापेक्षतेचे परिणाम उपेक्षणीय राहत नाहीत.

ह्यात संस्थितिशास्त्र कोठे येते ? बांगडी कितीही वाकविली, चेपली, तरी मोडल्याशिवाय तिचे भोक नाहीसे होत नाही. सुपारीला भोक नाही आणि दाबून ते उत्पन्नही होत नाही. आकार बदलला तरी जे टिकते त्याचा विचार संस्थितिशास्त्र करते. व्हाइल-बिंदू ह्या अर्थाने टिकाऊ असतात. ते नेहमी डाव्या-उजव्या जोडीने येतात. स्फटिकात थोडीफार अशुद्धी आली किंवा ताण पडला तर ते सरकतात, पण नष्ट होत नाहीत. डावा उजव्यास भेटला तरच दोघे एकमेकांस पुसून टाकतात. अशा पदार्थाच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांच्या अवस्थांची जी रेषा उमटते, ती एरवीसारखी बंद वळणाची नसून दोन बिंदूंमधील उघडा चाप असतो. २०११ मध्ये वान, टर्नर, अश्विन विश्वनाथ व सावरासोव्ह ह्यांनी अशा पदार्थांचे भाकीत केले, आणि २०१५ मध्ये टँटलम अर्सेनाइडच्या स्फटिकात अमेरिकेतील व चीनमधील गटांनी तो चाप प्रत्यक्ष पाहिला.

ह्या प्रकरणातही बिस्मथ पावलोपावली भेटतो. त्यात सुमारे ७ ते २२ टक्के अँटिमनी मिसळली की तो अर्धसंवाहक बनतो. अशा मिश्रणाचा अंतर्भाग निरोधक पण पृष्ठभाग संवाहक राहावा, असे फू व केन ह्यांनी २००७ मध्ये वर्तविले आणि २००८ मध्ये प्रिन्स्टन येथील गटाने ते पडताळले. त्रिमितीय संस्थितीय निरोधकाचे हे पहिले उदाहरण. २०१४ मध्ये डिरॅक जातीचा अर्धधातू म्हणून सिद्ध झालेले संयुग सोडियम व बिस्मथ ह्यांचे आहे. विद्युत्‌क्षेत्र व चुंबकक्षेत्र समांतर ठेवले असता एका हाताचे इलेक्ट्रॉन दुसऱ्या हाताच्या गटात जातात व रोध वाढण्याऐवजी घटतो, असे नील्सन व निनोमिया ह्यांनी १९८३ मध्येच सुचविले होते. त्याची एक आरंभीची खूण २०१३ मध्ये ३ टक्के अँटिमनी असलेल्या बिस्मथमध्येच मिळाली. कापित्साने क्षेत्राबरोबर वाढणारा रोध मोजला होता. त्याच जातीच्या पदार्थात, केवळ क्षेत्राची दिशा बदलताच, तो उलट घटताना दिसला.

मुंबईतील अध्याय येथे जुळतो. ठाणे खाडीच्या पूर्व तीरावर, पावण्याच्या परिसरात, कारखान्यांची दाट वसाहत आहे. शेजारचे तुर्भे आणि खाडीपलीकडचे, भाभा अणुसंशोधन केंद्राचे तुर्भे ही एकाच नावाची दोन स्थळे समोरासमोर आहेत, आणि दुसऱ्यास इंग्रजीने ‘ट्रॉम्बे’ केल्यामुळे पुष्कळांना हे नामसाम्य जाणवतही नाही. अशा औद्योगिक वसाहतींना बिस्मथ अपरिचित नसावा. निम्मा बिस्मथ असलेली ‘वुड्‌स मेटल’ ही मिश्रधातू अवघ्या ७० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून आग लागताच आपोआप पाणी सोडणाऱ्या तोट्यांच्या टोपणांत अशा मिश्रधातू वापरीत आले आहेत. ह्या पदार्थाची दुसरी टोकाची परीक्षा मात्र मुंबई बेटाच्या दक्षिण टोकास, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाली. होमी भाभा ह्यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या ह्या संस्थेची कुलाब्यातील वास्तू १९६२ मध्ये उघडली. तेथील ओम प्रकाश, अनिल कुमार, ए. तमिळवेल व एस. रामकृष्णन ह्यांनी शुद्ध बिस्मथचा स्फटिक ०.५३ सहस्रांश केल्विन तापमानाखाली अतिसंवाहक होतो असे दाखविले. निबंध ‘सायन्स’ नियतकालिकाच्या जानेवारी २०१७ च्या अंकात छापला गेला. तो तत्पूर्वीच, डिसेंबर २०१६ मध्ये, अंकाआधी प्रसिद्ध झाला होता.

ह्या आकड्याचा अर्थ लावून पाहावा. मुंबईच्या हवेचे तापमान सुमारे ३०० केल्विन. स्फटिकाचे तापमान त्याच्या साडेपाच लाखांव्या हिश्शाहूनही कमी. द्रवरूप हेलियमने इतकी थंडी साधत नाही. त्यासाठी तांब्याच्या अणुगर्भांना प्रथम तीव्र चुंबकक्षेत्रात एका दिशेस वळवून थंड करावे लागते. मग बाहेरून उष्णता येऊ न देता क्षेत्र सावकाश उतरवितात. क्षेत्र उतरले की तापमानही उतरते, आणि ते तांबे आपल्याशी जोडलेल्या स्फटिकाची उष्णता शोषून घेते. बिस्मथ ९९.९९९९ टक्के शुद्ध होता. शुब्निकोव्हच्या वेळी जी अट होती, तीच येथेही होती. शिवाय बिस्मथची ही अवस्था मोडण्यास ५.२ मायक्रोटेस्ला इतके क्षेत्र पुरेसे असते. पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र मुंबईत ह्याच्या सातआठ पट आहे. ते अडविल्याशिवाय हा परिणाम दिसलाच नसता, आणि कित्येक दशके तो कोणास दिसला नाही, ह्याचे नवल वाटावयास नको. वेड्यावाकड्या अणुरचनेचा बिस्मथ ६ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होतो, तसेच भारी दाबाखालीही तो अतिसंवाहक होतो, हे पूर्वीपासून ज्ञात होते. सुव्यवस्थित स्फटिकाचे, सामान्य दाबावरचे वर्तन तेवढे उरले होते.

शोधाचे खरे महत्त्व तापमानाच्या विक्रमात नाही. रोडियम त्याहूनही कमी तापमानास अतिसंवाहक होतो. महत्त्व आहे ते वाहकांच्या दारिद्र्यात. बार्डीन, कूपर व श्रीफर ह्यांच्या १९५७ सालच्या सिद्धांतात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या स्फटिकाच्या कंपनांमुळे जुळतात, आणि इलेक्ट्रॉन चपळ तर कंपने संथ हे त्यात गृहीत आहे. बिस्मथमध्ये वाहक इतके विरळ व त्यांची ऊर्जा इतकी अल्प की ती कंपनांच्या ऊर्जेच्याच तोडीची ठरते, आणि ते गृहीत ढासळते. कुलाब्याच्या संशोधकांनी आपल्या निबंधात हे स्वच्छ शब्दांत मांडले. जोनाथन रुहमान व पॅट्रिक ली ह्यांनी २०१७ मध्ये, इलेक्ट्रॉनांच्या परस्परांतील प्रतिकर्षणातूनच जोडी जुळू शकते काय, असा विचार पुढे केला. इतरही उपपत्ती मांडल्या गेल्या, पण सर्वमान्य अशी एकही नाही. आपल्याकडील चर्चेत ह्या शोधाचा गौरव ‘भारतीय विक्रम’ म्हणून अधिक झाला. त्याने एका प्रस्थापित सिद्धांताची मर्यादा दाखविली, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

बिस्मथ स्वतः संस्थितीय आहे की नाही, हा प्रश्नही सरळ सुटलेला नाही. गणित त्याला साधा ठरवी, आणि पृष्ठभागावरील काही मापने त्याच्या विरुद्ध जात. २०१८ मध्ये फ्रांक शिंडलर व सहकाऱ्यांनी असे प्रतिपादिले की बिस्मथमध्ये प्रवाहाच्या टिकाऊ वाटा पृष्ठभागावर नसून स्फटिकाच्या कडांवर, दोन पृष्ठे मिळतात त्या धारेवर, असतात. ह्या वर्गाला इंग्रजीत ‘हायर-ऑर्डर’ असे विशेषण लावतात. ‘उच्च’ म्हटले तर श्रेष्ठतेचा भास होतो आणि अर्थ निसटतो. येथे उंची नसून पायऱ्या उतरणे आहे : घनावरून पृष्ठावर, पृष्ठावरून धारेवर. मी सध्या त्यासाठी ‘धारावाही’ हा शब्द वापरतो. पाण्याच्या धारेशी त्याची गल्लत होण्याचा संभव आहे, आणि कोणास ‘कडावाही’ बरा वाटला तर माझी हरकत नाही.